दप्तराला आडनाव ठाऊक नसते : एका कुलमंडळाच्या दोन अभिलेखागार-भेटींचे प्रकरण

एका कुलमंडळाने आपल्या कुलवृत्तांताच्या सुधारित आवृत्तीसाठी पुणे पुराभिलेखागाराला, म्हणजे जुन्या माणसांच्या तोंडी अजूनही असलेल्या ‘पेशवे दप्तरा’ला, दोन वेळा सामूहिक भेट दिली. पहिली भेट २०२३ च्या दिवाळीनंतर झाली. तिला बत्तीस जण होते आणि हाती काहीही लागले नाही. दुसरी भेट २०२४ च्या फेब्रुवारीत एका मंगळवारी झाली. तिला तेवीस जण होते, त्यांपैकी प्रत्यक्ष वाचनकक्षात फक्त पाच जण बसले, आणि घराण्याच्या वतनाविषयी, म्हणजे वंशपरंपरेने चालणाऱ्या गावकामाच्या हक्काविषयी, तोवर कुणीही न पाहिलेला एक कागद मिळाला. मंडळाचा कार्यवाह या नात्याने दोन्ही भेटींची आखणी माझी होती, तेव्हा पहिल्या भेटीत जे चुकले तेही माझ्याच पदरात टाकावे लागेल. घराण्याचे आणि गावाचे नाव या टिपणात मुद्दाम दिलेले नाही, कारण मिळालेल्या कागदात ज्यांनी वतन विकल्याचे लिहिले आहे त्या घराण्याचे वंशज आजही त्याच गावात, आमच्या जुन्या वाड्याला लागून राहतात.

पहिल्या भेटीचे वर्णन थोडक्यात करतो, कारण ते फारसे अभिमानास्पद नाही. आम्ही बस ठरवली, मंडळाच्या नावाचा फलक छापला, वाटेत उपमा आणि चहा झाला, आणि कौन्सिल हॉलजवळच्या त्या जुन्या इमारतीसमोर सर्वांचे एकत्र छायाचित्रही काढले. परवानगीचा अर्ज तिघांच्या नावाने केलेला होता. उरलेले एकोणतीस जण काय करणार, याचा विचार मी केला नव्हता. याहून मोठी चूक मागणीपत्रकावर होती. आम्ही त्यावर आमचे आडनाव लिहिले आणि पुढे ‘या घराण्यासंबंधीची सर्व कागदपत्रे’ अशी मागणी केली. समोरच्या कर्मचाऱ्यांनी शांतपणे विचारले, की गाव कोणते, ते गाव पेशवाईत कोणत्या प्रांतात आणि कोणत्या तर्फेत किंवा परगण्यात होते, आणि तुमच्या पूर्वजाचा सरकारशी संबंध कशाचा होता : वतनाचा, इनामाचा, चाकरीचा की तंट्याचा? आमच्यापैकी बहुतेकांना गावाचा आजचा तालुका ठाऊक होता. त्यापुढच्या प्रश्नांची उत्तरे बत्तीस जणांत मिळून एकाकडेही नव्हती. दुपारी दोनच्या सुमारास आम्ही जेवायला गेलो आणि परत आलो नाही.

हे असे का झाले, हे समजून घेण्यासाठी हे दप्तर मुळात कशासाठी तयार झाले ते पाहावे लागते. कुणाच्या वंशावळी जपण्यासाठी ते तयार झाले नव्हते. पेशव्यांच्या हुजूर कचेरीत रोजचा जमाखर्च आणि रोजचे हुकूम ज्या क्रमाने झाले त्या क्रमाने रोजकीर्दीत उतरत, त्यांतून बाबवार नोंदी वेगळ्या काढून घडणी तयार होत, आणि प्रांतांचे हिशेब प्रांतवार ठेवले जात. १८१८ साली पेशवाई संपल्यावर हा सगळा कागद इंग्रजांच्या ताब्यात आला. पुढे इनामे आणि वतने खरी की बनावट हे तपासण्यासाठी इनाम कमिशन बसले, त्याला १८५२ च्या ११ व्या कायद्याने अधिकार मिळाले, आणि वतनदार जे पुरावे आणतील ते पडताळण्यासाठी जुन्या दप्तराची मांडणी आणि याद्या करण्याचे काम जोराने झाले. म्हणजे ज्या वर्गवारीतून आज आपण शोध घेतो तिच्यामागे सारावसुली आणि दाव्यांची तपासणी हे दोन हेतू आहेत. एखादा माणूस या कागदांत येतो तो सरकारला काही देणे लागत होता म्हणून, सरकारकडून त्याला काही मिळाले म्हणून, किंवा त्याने कुणाविरुद्ध फिर्याद नेली म्हणून. तो कुणाचा पणजोबा आहे, याच्याशी दप्तराला कर्तव्य नव्हते.

आडनावाचा प्रश्न तर आणखी बिकट आहे. अठराव्या शतकातल्या कागदात ब्राह्मण कारकून किंवा वतनदार बहुधा स्वतःचे आणि वडिलांचे नाव एवढ्यानेच ओळखला जातो. ‘नारो बल्लाळ’ म्हणजे बल्लाळाचा मुलगा नारो. इतर जातींत ‘बिन’ किंवा ‘वलद’ लावून वडिलांचे नाव येते. त्यापुढे गावातला हुद्दा येतो : पाटील, कुलकर्णी, चौगुला, महार, पोतदार. आज जे आडनाव म्हणून आपण आधार कार्डावर मिरवतो ते अनेकदा त्या काळी कामाचे नाव होते आणि काम विकले गेले की तेही नव्या धन्याकडे जाई. आमच्या घराण्यात तर तीन शाखांची तीन आडनावे आहेत. एक शाखा हुद्द्याचे, एक गावाचे आणि बडोद्याला गेलेली एक शाखा जुने उपनाम लावते. अशा घराण्याने दप्तराकडे आडनावाने हाक मारली तर दप्तराने ओ देण्याचे कारणच काय?

दुसऱ्या भेटीची तयारी तीन महिने चालली आणि माझ्या मते प्रकरणाचा खरा गाभा तिच्यातच आहे.

पहिले काम होते गावाची जुनी ओळख शोधण्याचे. गाव आज पुरंदर तालुक्यात आहे. ठाण्याच्या एका काकांकडे वतनासंबंधीचा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा एक कागद होता आणि त्याला जोडलेल्या जुन्या नकलेत ‘कर्यात सासवड, प्रांत पुणे’ असे स्पष्ट लिहिलेले होते; कर्यात म्हणजे तर्फेसारखाच काही गावांचा महसुली विभाग. हा कागद काकांच्या घरात चाळीस वर्षे चौकटीत लावलेला होता, आणि पहिल्या भेटीच्या दिवशी ते आमच्याबरोबर बसमध्येही होते. कागद वाचून पाहावा असे मात्र त्यांना किंवा आम्हाला कुणालाच सुचले नव्हते. घरातल्या कागदाचा आदर त्याला काचेखाली ठेवून होतो आणि मग तो कुणी वाचत नाही, हा अनुभव पुढे आणखी दोन शाखांच्या बाबतीत आला.

दुसरे काम पूर्वजाचा सरकारशी असलेला संबंध ठरवण्याचे. घरात अशी आख्यायिका आहे, की मूळ पुरुषाने लढाईत पराक्रम केला आणि साताऱ्याच्या शाहू महाराजांनी त्याला गावचे कुलकर्ण, म्हणजे हिशेबनिशीचे वतन, बक्षीस दिले. कुलवृत्तांताच्या पहिल्या आवृत्तीत ती तशीच छापलेली आहे. त्यामुळे संबंध वतनाचा होता, एवढे नक्की होते. १९५० च्या कायद्याने १ मे १९५१ पासून कुलकर्णी वतने रद्द झाली, आणि आमच्या आजोबांच्या पिढीतल्या दोघांनी त्यानंतरही जुनी पत्रे ट्रंकेत जपली. त्या पत्रांत एक विचित्र शब्द वारंवार येत होता : ‘निमे कुलकर्ण’, म्हणजे अर्धे. संपूर्ण गावाचे वतन आमचे होते असे सांगणाऱ्या घरात ‘निमे’ कुठून आले, हा प्रश्न आम्ही त्या भेटीसाठी प्रश्न क्रमांक एक म्हणून लिहून घेतला.

तिसरे काम काळ ठरवण्याचे होते. यासाठी त्र्यंबकेश्वरच्या आमच्या तीर्थोपाध्यायांची वही कामी आली. नाशिक, त्र्यंबक, पंढरपूर, काशी अशा क्षेत्रांत उपाध्यायांकडे यजमानांच्या नामावळी पिढ्यान्‌पिढ्या लिहिल्या जातात, आणि त्यांत बहुधा येणाऱ्याने स्वतः किंवा त्याच्या सांगण्यावरून नावे घातलेली असतात. आमच्या नामावळीत शके १६९२ च्या एका नोंदीत नातू आजोबांच्या मृत्यूनंतर क्रियाकर्मासाठी आल्याचे लिहिले आहे, आणि आजोबा व नातू या दोघांचे नाव एकच आहे. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याच्या आपल्या रिवाजामुळे वंशावळीत हा गोंधळ घरोघरी सापडतो. ही नोंद आम्ही टाचणात उतरवली खरी, पण ती इतकी उपयोगी पडेल याची कल्पना तेव्हा नव्हती.

माणसांची विभागणी कशी केली हेही सांगणे आवश्यक आहे, कारण सामूहिक भेटीत सर्वांत अवघड तेच असते. वाचनकक्षात पाचच जण बसतील असे ठरले : मोडी वाचणारे एक गृहस्थ, मी, एक नोंदी लिहिणारी, एक रुमालांचे (कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांचे) क्रमांक आणि मागणीपत्रके सांभाळणारा, आणि ठाण्याचे काका, ज्यांना कागदाची पार्श्वभूमी सर्वांत जास्त माहीत होती. आठ जण सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळाच्या ग्रंथालयात गेले. १९१० साली इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि खं. चि. मेहेंदळे यांनी स्थापन केलेल्या या संस्थेत छापील साधने मोठ्या प्रमाणावर आहेत, आणि गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात संपादित केलेल्या पेशवे दप्तराच्या ४५ निवडक खंडांत आमच्या गावाचा किंवा त्या कर्यातीच्या कमाविसदारांचा (वसुली अधिकाऱ्यांचा) उल्लेख येतो का, हे पाहण्याचे काम त्यांच्याकडे होते. बाकीचे दहा जण, ज्यांत वय झालेली मंडळी अधिक होती, अभिलेखागाराच्या जवळच एका नातेवाइकांच्या घरी बसले. त्यांनी आपापल्या शाखेच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायच्या होत्या, आणि आमच्या मनात त्यांचा उपयोग मुख्यतः जेवणाच्या वेळी बरे वाटावे एवढाच होता. हा अंदाज सपशेल चुकीचा ठरला, ते पुढे येईल.

दिवस मंगळवार ठेवण्याचे कारण साधे होते. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाल्याने शनिवारी-रविवारी जाण्यात अर्थ नाही, आणि सोमवारी बाहेरगावची मंडळी वेळेवर पोहोचत नाहीत. नोकरी करणाऱ्यांना रजा काढावी लागली, आणि त्यामुळे बत्तीसांचे तेवीस झाले. हे आमच्या पथ्यावरच पडले.

मोडी वाचकाविषयीही थोडे लिहायला हवे. २०२३ च्या सप्टेंबरात मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तेव्हापासून मोडी जाणणाऱ्यांना जिल्ह्याजिल्ह्यांतून मागणी आली आणि महिनाभर आधी सांगितल्याशिवाय कुणी मिळेनासे झाले. आमच्याशी ठरलेले गृहस्थ पस्तिशीचे, एका महाविद्यालयात शिकवणारे आणि शासनाच्या मोडी प्रशिक्षणवर्गात लिपी शिकलेले. त्यांनी आम्हाला आधीच बजावले, की मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, घाईच्या हाताचा कागद तासाला एक-दोन बंदांपेक्षा (कागदाच्या लांब पट्ट्यांपेक्षा) जास्त वाचून होत नाही, तेव्हा दिवसभरात दहा रुमाल मागवण्याचा हावरटपणा करू नका. आम्ही तीनच मागवले.

सकाळचे दोन रुमाल कोरडे गेले. प्रांताच्या हिशेबात गावाचे नाव तीन ठिकाणी आले, साऱ्याचे आकडे आले, पण कुलकर्ण्याचा उल्लेख फक्त हुद्द्याने होता, नावाने नव्हता. तिसऱ्या रुमालात वतनांच्या वादासंबंधीची सुटी पुडकी होती. रुमालाची गाठ सोडून दुसरे पुडके उलगडताना टेबलावर बारीक, चकचकीत वाळू सांडली. बोरूने लिहिल्यावर शाई टिपण्यासाठी कागदावर भुरभुरवलेली ती वाळू अडीचशे वर्षे घडीत बसून राहिली होती. काकांनी बोटाच्या टोकावर दोन कण घेऊन पाहिले आणि कुणी काही बोलायच्या आत पुन्हा कागदाखालीच सरकवून ठेवले. या पुडक्यात साडेबाराच्या सुमारास आमच्या गावचे नाव, त्यापुढे ‘निमे कुलकर्ण’ आणि आमच्या पूर्वजाचे नाव असलेली वतनपत्राची एक नक्कल मिळाली.

मजकूर, आम्ही त्या दिवशी वाचू शकलो तेवढा, असा होता. गावच्या आधीच्या कुलकर्ण्याला कर्ज झाले, दुष्काळाची दोन वर्षे गेली, सरकारदेणे थकले, आणि त्याने गोतासमक्ष, म्हणजे गावच्या वतनदारांच्या सभेसमोर, आपले निमे वतन हक्क-लाजिम्यासह (त्याच्या मिळकतीसह) आमच्या पूर्वजाला रक्कम घेऊन दिले. हुजुरात नजर (सरकारला द्यायची रक्कम) भरून व्यवहार कायम करून घेण्यात आला. हा कागद दप्तरात येण्याचे कारणही तेच : सरकारला नजर मिळाली. ती मिळाली नसती तर या विक्रीची आठवण फक्त दोन घरांत राहिली असती, आणि दोन्ही घरांनी ती आपापल्या सोयीने सांगितली असती. पराक्रमाचा उल्लेख कागदात कुठेही नाही. काकांनी चष्मा काढून ठेवला आणि एवढेच म्हणाले, “म्हणजे विकत घेतले आपण.”

खरी अडचण पुढे आली. कागद कोणत्या वर्षाचा? आजोबांच्या हयातीतला असेल तर वतन घेणारे ते. त्यांच्या मृत्यूनंतरचा असेल तर त्याच नावाचा नातू. वंशावळीतली एक अख्खी पायरी या उत्तरावर हलणार होती. कागदाच्या माथ्यावर शके लिहिलेले होते, पण कडेला कसर लागून फक्त ‘१६’ एवढे दोनच अंक शिल्लक होते. मजकुराच्या शेवटी त्या काळच्या रिवाजाप्रमाणे सुहूर सन, म्हणजे अरबी अंकनावांनी लिहायचे वर्ष, होता : ‘सन सबा’ (सात), त्यापुढचा शब्द नेमका घडीवर, आणि मग ‘मया व अलफ’ (शंभर आणि हजार). घडीवर कागद झिजून त्या शब्दाचा पहिला ‘स’ आणि शेवटचे ‘ऐन’ तेवढे उरले होते. मोडी वाचकांनी लगेच सांगितले, की अरबी दशकांत असे दोनच शब्द बसतात : सितैन, म्हणजे साठ, किंवा सबैन, म्हणजे सत्तर. म्हणजे सुहूर सन ११६७ किंवा ११७७. सुहूर सनात ५९९ मिळवले की ज्या मृगाला ते वर्ष सुरू झाले त्याचे इसवी सन मिळते. त्यामुळे कागद १७६६-६७ चा किंवा १७७६-७७ चा, म्हणजे थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीतला किंवा सवाई माधवरावांच्या बालपणीचा. त्र्यंबकच्या नोंदीतले शके १६९२ म्हणजे १७७०-७१. ते बरोबर या दोन वर्षांच्या मधोमध पडत होते. आजोबा की नातू, हा प्रश्न एका झिजलेल्या अक्षरावर येऊन थांबला.

माथ्यावरच्या खराब झालेल्या ओळीत मात्र आणखी एक शब्द वाचता येत होता : ‘व्ययनाम संवत्सरे’. संवत्सराची साठ नावे क्रमाने येतात आणि दर साठ वर्षांनी तेच नाव पुन्हा येते, एवढे वाचकांना ठाऊक होते. कोणत्या शकाला कोणते नाव हे पाहण्यासाठी जंत्री लागते आणि ती त्यांच्या घरी होती. मी म्हणालो, की जेवायला जाऊ आणि तोवर कुणाला तरी फोन करू.

नातेवाइकांच्या घरी पोहोचल्यावर हा फोन कुणाला करावा याची चर्चा सुरू झाली, तेव्हा आमची सर्वांत मोठी आत्या, वय ८४, ताटावरून म्हणाली, “व्यय ना? तो विसावा. यंदा शोभन आहे.” तिचे वडील दर पाडव्याला गावात पंचांग वाचत आणि लहानपणी संवत्सरांची नावे परवचाबरोबर म्हणवून घेत. तिने हात धुतला, अंगठा बोटांच्या पेरांवर ठेवला आणि मोडी वाचकांना म्हणाली, “बाळा, तू लिही. यंदा शके १९४५. चार वेळा साठ मागे गेले म्हणजे १७०५, तेव्हाही शोभनच. आता उलटे जाते. शुभकृत, प्लव, शार्वरी, विकारी, विलंबी, हेमलंबी, दुर्मुख. सात झाले. म्हणजे १६९८ ला दुर्मुख.” मग न थांबता मन्मथ, जय, विजय, नंदन, खर, विकृती, विरोधी, सर्वधारी, सर्वजित आणि व्यय. “आणखी दहा. १६८८.” शके १६९८ असते तर कागदावर दुर्मुख असायला हवे होते. तेथे व्यय होते. म्हणजे गेलेले अंक ‘८८’, झिजलेला शब्द ‘सितैन’ आणि वतन घेणारे आजोबा.

यात आणखी एक बारकावा वाचकांनी दाखवला, तो मला फार आवडला. सुहूर वर्ष मृगाला सुरू होते आणि शके पाडव्याला. दोन्ही एकाच कागदावर असल्यामुळे कागद १७६६ च्या मृगानंतरचा आणि १७६७ च्या पाडव्याआधीचा असला पाहिजे. अर्धवट झिजलेल्या दोन तारखांनी मिळून पुऱ्या लिहिलेल्या एका तारखेपेक्षा बंदिस्त कुंपण घातले.

या एका तासाने सामूहिक भेटीविषयीचे माझे मत बदलले. पहिल्या भेटीनंतर मी अशा निष्कर्षाला आलो होतो, की अभिलेखागारात गर्दीने जाणे हा हौसेचा भाग आहे आणि काम दोघा-तिघांनीच करावे. वाचनकक्षापुरते ते आजही खरे आहे. तेथे सहावा माणूस अडचणच होतो आणि त्याच्या कुजबुजीचा त्रास शेजारच्या टेबलावरच्या अभ्यासकाला होतो. पण वाचनकक्षाच्या बाहेर, हाकेच्या अंतरावर, वेगवेगळ्या वयाची आणि वेगवेगळ्या शाखांची माणसे त्याच दिवशी एकत्र असणे ही गोष्ट निराळी आहे. मोडी आत्याला वाचता येत नाही, आणि संवत्सरांची माळ वाचकांना पाठ नव्हती. जंत्री दुसऱ्या दिवशी पाहून वर्ष लागलेच असते, हे कबूल. परंतु वर्ष त्याच दुपारी लागल्यामुळे उरलेल्या तीन तासांत आम्ही त्या वर्षाच्या आसपासच्या कागदांची यादी पाहून पुढच्या भेटीसाठी नेमके क्रमांक लिहून आणू शकलो. बाहेरगावाहून येणाऱ्यांसाठी हा फरक एका वर्षाचा असतो.

संशोधक मंडळात गेलेल्या आठ जणांच्या हाती विशेष काही लागले नाही. छापील खंड हे निवडक कागदांचे आहेत, त्यांत राजकारण आणि मोहिमा भरपूर आहेत, एका खेड्याचे निमे कुलकर्ण कोण छापणार? खर्चाविषयी एवढेच लिहितो, की मोडी वाचकांचे मानधन आणि जेवण मिळून तो पहिल्या भेटीच्या बसभाड्यापेक्षा कमी झाला.

भेटीनंतरचा महिना मात्र सोपा गेला नाही. मंडळाच्या बैठकीत कागदाचे लिप्यंतर वाचून दाखवल्यावर एक गट म्हणू लागला, की शाहू महाराजांची कथा पहिल्या आवृत्तीत छापलेली आहे, ती काढली तर लोक काय म्हणतील. शाहू महाराज १७४९ साली वारले आणि आमचा कागद त्यानंतर सतरा वर्षांनी झालेल्या खरेदीचा आहे, हे दाखवूनही काहींचे समाधान झाले नाही. त्यांचे म्हणणे असे, की आधी एक निमे बक्षीस मिळाले असेल आणि दुसरे निमे नंतर विकत घेतले असेल. ही शक्यता मी बाजूला टाकलेली नाही, पण तिला आधार देणारा एकही कागद आजवर कुणी आणलेला नाही. बडोद्याच्या वहिनींनी बैठकीत विचारलेला प्रश्न मला जास्त मोलाचा वाटला : “दुष्काळात बुडालेल्या माणसाचे वतन आपण किती रकमेला घेतले, ते छापणार आहात का?” रक्कम नकलेत आहे. ती छापायची, कागदाचे छायाचित्र लिप्यंतरासह द्यायचे, आणि आख्यायिका ‘घरात सांगितली जाणारी हकिकत’ या मथळ्याखाली वेगळी ठेवायची, असे दोन मतांच्या फरकाने ठरले.

त्यानंतर काका आणि मी गावी गेलो आणि शेजारच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना कागदाची प्रत दिली. ती छापण्यापूर्वी त्यांनी पाहिलेली असावी, एवढाच आमचा हेतू होता. त्यांनी ती प्रत ओटीवर बसून मोठ्याने वाचून घेतली आणि मग सांगितले, की त्यांच्या घरात ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, फक्त त्यांच्याकडे ते निमे कुलकर्ण विकले असे कुणी म्हणत नाही. ते गहाण ठेवले होते, पैसे फेडायला गेलेल्या माणसाला आमच्या त्या पूर्वजाने परत पाठवले, असे म्हणतात. नकलेतल्या ज्या ओळीत परतीची अट असली तर असेल, ती ओळ घडीच्या दुसऱ्या बाजूला आहे आणि तिथली चार-पाच अक्षरे अजून लागलेली नाहीत. तिसऱ्या भेटीच्या मागणीपत्रकात कर्यात सासवडचे सुहूर सन ११६८ ते ११७२ या वर्षांचे वादाचे कागद मागितले आहेत, वाचनकक्षातल्या पाच जणांपैकी एक जागा शेजारच्या घरासाठी ठेवली आहे, आणि त्यांच्या माडीवरच्या पेटीत काही बांधलेली पुडकी आहेत, ती त्याआधी उघडून पाहायचे त्यांनी कबूल केले आहे.